माझी डावी, यांचं तोंड

२८ जुलै, सोमवार

पाणी अडीच लिटर. लघवी दोन. बी.पी. १४०/९०. ताप नाही. आठची गोळी आठला.

पहिला श्रावण सोमवार, उपास. बेल वाहायच्या आधीच डोकं फिरलं. यांच्या उशीच्या अभ्र्यावर पुन्हा रक्त. आठवड्यातला तिसरा अभ्रा. मिठाच्या पाण्यात भिजवला, डाग गेला नाही.

"आ करा" म्हटलं. केलं. हिरड्या दातांवर चढल्यात, सडक्या लाकडावर भूछत्र चढतं तशा. समोरचे दात अर्धे झाकले. बोट लागलं की रक्त. वास.

"काय खाता जी?"

"काई नाई."

"काई नाई त मंग हे काय हाय?"

तोंड मिटलं, टॉवेल उचलून मोरीकडे गेले. 

शांताबाई, माझी नणंद, समोरच राहते. ताक न्यायला आली, वाकून यांचं तोंड पाहिलं अन् म्हणाली, "वहिनी, हे खर्ऱ्याचं तोंड हाय. माह्या घरी हेच पाहून राह्यली मी, लगन झाल्यापासून."

खर्रा! माझी डावी किडनी या माणसाच्या पोटात आहे. नागपूरला माझ्यातून काढली, यांच्या उजव्या कुशीत बसवली. चार वर्षं झाली. वहीत मी तिला नुसती "डावी" लिहिते. डावी बरी आहे, डावी रुसली, असं. पोरगी द्यावी तशी दिली. अन् हे तिला खर्रा, सुपारी-तंबाखूचं ते घोटलेलं विष, चारतात?

दिवसभर बोलले नाही. उपास रागाने मोडतो म्हणतात. मोडला असेल.

३० जुलै, बुधवार

खिसे तपासले. तिन्ही शर्ट, दोन्ही पँटी, सायकलच्या सीटखाली, धानाच्या कोठीमागे. खर्ऱ्याची पन्नी नाही, सुपारीचा कण नाही. एका खिशात लिमलेटची गोळी. तीही फेकली.

मग सरळ चौकातल्या पानठेल्यावर गेले. डोक्यावर पदर, चार माणसांसमोर. जन्मात पहिल्यांदा.

"आमचे हे इथी येतेत का?"

ठेलेवाला खर्रा घोटता घोटता थांबला. "येतेत ना वहिनी. पेपर वाचाले. चार वर्षांत एक सुपारी नाई घेतली. अशी गिऱ्हाईकं आली त मले ठेला बंद करून वाचनालय टाका लागन."

सगळे हसले. मी नाही. ठेलेवाला गिऱ्हाइकाचीच बाजू घेणार.

२ ऑगस्ट, शनिवार

पा. अडीच. ल. पावणेदोन. बी.पी. तीच.

भात आता मिक्सरमधून काढून देते. खालची उजवीकडची दाढ हलते. ठणकते. तोंडाने सांगत नाहीत, गालाला हात लावून बसतात.

मंजन दिवसातून चार वेळा केलं. आजवर दोनदा होतं. काळ्या मंजनाने हिरड्या आवळतात, ठणका मरतो. माझ्या आईची रीत. ऑपरेशनच्या आधी यांचा खर्रा सुटला तोही याच मंजनाने. जीव कासावीस व्हायचा, हात थरथरायचे, की मी डबी पुढे करायची. "हे घासा, तोंड साफ राह्यते." सुटला! गावभर सांगितलं होतं मी. आता तेच गाव म्हणतं खर्ऱ्याचं तोंड.

आज माझ्याच बोटाने घासून दिलं, खालच्या ओठात दाबून ठेवलं. "बरं वाटून राह्यलं," म्हणाले. महिनाभरात पहिल्यांदा काही बरं म्हणाले.

तरी मनात खर्रा आहेच.

६ ऑगस्ट, बुधवार

तालुक्याच्या गावी दातांच्या डॉक्टरकडे. दोन तास बसलो. खुर्चीत घेतलं, दिवा लावला, मग विचारलं, "काही आजार?"

"किडनी बदललेली आहे."

त्याने हातमोजे काढले. तोंड नीट पाहिलंसुद्धा नाही. "मग मी हात लावणार नाही. रक्त थांबलं नाही, इन्फेक्शन झालं, तर माझ्यावर येईल. नागपूरहून लिहून आणा." दुखण्यावर गोळी दिली लिहून.

मेडिकलच्या काउंटरवर नाव वाचलं. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर, "या गोळ्या कधीच घेऊ नयेत", त्या यादीत दुसरीच. परत आत गेले.

"डॉक्टरसाहेब, ही गोळी किडनीला चालत नाही."

"बाई, मग तुम्हीच डॉक्टर व्हा."

"मॅट्रिक झाली आहे मी. वाचता येतं."

चिठ्ठी टेबलावर ठेवून आले. फाडायची होती, यांनी हात धरला. बसमध्ये म्हणतात, "इतकी काऊन भडकतेस?" काऊन म्हणे! ती गोळी गेली असती पोटात म्हणजे?

८ ऑगस्ट, शुक्रवार

नागपूरला फोन. तिसऱ्यांदा उचलला.

"मावशी, दाताचं आमच्याकडे नसतं. तुमच्याकडच्या दातांच्या डॉक्टरला दाखवा."

"तो म्हणतो नागपूरला विचारा."

"आम्ही सांगतोय ना, दाखवा म्हणून."

"मग तसं लिहून द्या."

"पुढच्या तारखेला याल तेव्हा सरांना सांगा."

पुढची तारीख सप्टेंबरात. किडनीवाले म्हणतात तोंड आमचं नाही. तोंडवाला म्हणतो किडनी आमची नाही. मग हा माणूस कुठून कुठवर कोणाचा ते एकदा खडूने आखून द्या म्हणावं.

११ ऑगस्ट, सोमवार

मार्कंडादेव. तिसरा सोमवार, यात्रेसारखी गर्दी. वैनगंगा पायऱ्यांना लागलेली. मृत्यू दारात आला असता ज्याने देवाला मिठी मारली, त्याचं हे ठिकाण. ऑपरेशनच्या आधी मी इथेच नवस बोलले होते, यांना वाचव, मला सगळ्यात आवडतं ते सोडते. चहा सोडला. चार वर्षांत घोट नाही.

दर्शन झालं. प्रसादाचं खोबरं यांना चावलं नाही, कागदात थुंकलं. लाल. पाहिलं अन् माझा तोल गेला. नंदीसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर बोलले, "देवाच्या दारात तरी खरं सांगा. खिसे दाखवा."

यांनी दाखवले. दोन्ही खिसे ओढून बाहेर काढले अन् तसेच उभे राहिले, बकरीच्या कानांसारखे खिसे लोंबत. एक बाई हसली.

मग हळू म्हणाले, "तुही चीज घेऊन फिरून राह्यलो मी. मले मालूम नाई का?"

इतकंच. परत येताना दुसऱ्या सीटवर बसले.

१४ ऑगस्ट, गुरुवार. प्रणालीकडे, ऊर्जानगर, चंद्रपूर

पहाटे ताप १०१. गाल सुजून डोळ्यापर्यंत. ल. एक लिटरसुद्धा नाही. यांच्या अंगातला राखणदार आम्ही गोळ्या देऊन झोपवलेला आहे, डावीला परकी समजून हाकलू नये म्हणून. त्यामुळे घरात कोणीही शिरलं तर ओरडणारं कोणी नाही. 

लेकीला, प्रणालीला, फोन केला. पोरीने जावयाला सुट्टी घ्यायला लावली, गाडी पाठवली, दहाला आम्ही चंद्रपुरात. तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाई प्रणालीच्याच वयाच्या. किडनीचं ऐकलं अन् हातमोजे काढले नाहीत. आधी नागपूरला स्वतः फोन लावला, सरांशी बोलल्या, कोणतं इंजेक्शन, किती, ते लिहून घेतलं. पाच मिनिटांत. जे मला आठवडाभर जमलं नाही ते.

मग तोंड पाहिलं. दाढेच्या मुळाशी पू. "अन् या हिरड्या कधीपासून?"

मी म्हटलं, "खर्रा खातात चोरून. तुम्हीच सांगा त्यांना."

"खर्ऱ्याने अशा हिरड्या वाढत नाहीत काकू. गोळ्या दाखवा." पिशवी उलटी केली. त्यांनी दोन बाजूला काढल्या. एक सकाळ-संध्याकाळची वासाची कॅप्सूल, पाकीट फोडलं की घरभर वास सुटतो ती. दुसरी बी.पी.ची. "या दोन्हींनी हिरड्या वाढतात. एकत्र असल्या की जास्त. त्यात घाण अडकते, मग रक्त, मग हे. यांचा दोष नाही."

चार वर्षं. आठला आठ. एक मिनिट न चुकवता मीच दिल्या. अन् एकानेही सांगितलं नाही की तोंडावर लक्ष ठेवा.

यांच्याकडे पाहिलं नाही मी. खिसे आठवले.

इथेच थांबलं असतं तर बरं. डॉक्टरीणबाईंनी यांचा खालचा ओठ उलटला. आत रुपयाएवढा पांढरा चट्टा, कडेला काळसर. कापसाने पुसला, निघाला नाही.

"तंबाखू?"

"नाही," मी म्हटलं. "नाई," हे म्हणाले. एकदम.

"मग इथे काय ठेवता?"

"मंजन."

"कशाचं मंजन, काकू?"

मी सांगू लागले. अगदी रीत सांगितली, कोणी कौतुकाने विचारावं तशी. पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची...

"कसली पानं?"

"तंबाखूची."

प्रणाली म्हणाली, "आई!"

 बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारत होते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. ऊर्जानगर

ताप ९९. सूज थोडी कमी. पा. दोन. ल. दीड.

कॉलनीत झेंडावंदन, लाउडस्पीकर. मी आत बसून आहे.

आठवून पाहिलं. नागपूरला किती वेळा विचारलं होतं! तंबाखू? नाही. गुटखा? नाही. खर्रा, बिडी, दारू? नाही, नाही, नाही. खोटं नव्हतेच बोलत. आमच्यात तंबाखू म्हणजे खर्रा, तो माणसांचा. मंजन म्हणजे मंजन, ते दाताचं. शाळेच्या पुस्तकात नाही का, सकाळी उठावे, मंजन करावे. माझी आई करायची, मीही लहानपणापासून तेच करते. शेवटी तिच्या तोंडात दोन बोटं जात नव्हती, पेज चमच्याने ओतायचो. गावात म्हणाले, वय झालं.

त्या कागदांवर "मंजन" हा शब्द कोणीच का नाही छापला? एक शब्द. रागाने जीव जातो आहे. अन् मलाच का नाही कळलं? पानं मीच आणते, मीच भाजते. घरभर ठसका उठतो. कळलं नाही म्हणायला तोंड आहे का मला?

देवाला चहा दिला. आवडतं ते सोडते म्हणाले अन् चहा दिला. मंजन सुचलंच नाही, कारण ते सोडायच्या गोष्टींत धरलंच नव्हतं. देवाने त्या सोमवारी नंदीसमोर माझंच ऐकलं असेल, माझ्याच कमरेच्या डबीकडे बघत. हो, यांचे खिसे उलटे केले तेव्हा डबी माझ्या कमरेला होती.

शांताबाईला फोन केला. ऐकून हसली. "मंजन का तंबाखू होय, वहिनी? डाक्टरले काय कळते!" फोन आपटला. महिन्यापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

१८ ऑगस्ट, सोमवार. नागपूर

शेवटचा सोमवार, उपास घरी नाही, दवाखान्याच्या बाकावर.

क्रिएटिनिन १.७. नेहमी १.२ असतं. डावी रुसली. इन्फेक्शनमुळे असेल, उतरेल म्हणतात. "असेल" हा शब्द वहीत लिहायला मला आवडत नाही.

वासाची कॅप्सूल बंद, दुसरी सुरू. बी.पी.ची पण बदलली. हिरड्या महिन्या-दोन महिन्यांत ओसरतील, नाही ओसरल्या तर कापतात.

मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "सर, चार वर्षांत तुम्ही एकदाही यांना आ करायला नाही सांगितलं."

सर लिहिता लिहिता थांबले. "बरोबर आहे तुमचं. सांगायला पाहिजे होतं."

भांडायची तयारी करून गेले होते मी. माणूस असा सरळ कबूल झाला की राग घेऊन कुठे जायचं? तसाच घेऊन परत आले.

मंजनाचंही सांगितलं. तेव्हा मात्र सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमची पण एकच आहे, ताई. विसरू नका."

२० ऑगस्ट, बुधवार. चंद्रपूर

दाढ काढली. रक्त अर्ध्या तासात थांबलं. ज्याला तो तालुक्याचा भ्यायला होता ते हे रक्त.

चट्ट्यातला तुकडा तपासायला काढला, तांदळाएवढा. बाटलीवर यांचं नाव. आठ दिवसांनी कळेल. यांच्यासारख्या पेशंटला असले चट्टे जास्त सांभाळावे लागतात, राखणदार झोपलेला ना. डॉक्टरीणबाईंनी "कॅन्सर" शब्द एकदाच उच्चारला, मी एकदाच लिहिते.

"काकू, तुम्ही पण बसा खुर्चीत, पाहून घेते."

"माझं काही नाही," म्हटलं अन् चपला घातल्या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. घरी

पोळा. पा. अडीच. ल. दोन. ताप नाही.

मंजन नाही, आठवा दिवस. डोकं फुटतं आहे. सकाळी पुरणाचं पातेलं आपटलं. शांताबाई म्हणे, "वहिनीच्या अंगात आलं का?" तिला दारातून परत पाठवलं.

तोरणाखाली बैल उभे. शेजारच्याने नवी जोडी आणली, जो तो येऊन बैलाचा जबडा उघडून दात बघतो. किती दाती, खरा की खोटा. हे ओट्यावर बसून पाहत होते. गालात कापूस, तसंच बोलले, "बैलाचे दात सारं गाव पाह्यते. मानसाले कोनी आ कर म्हनत नाई."

मी हसले. मार्कंड्यानंतर पहिल्यांदा हे माझ्याकडे बघून बोलले होते. खिशांचं बोलायचं होतं. "पुरण मऊ हाय, खा," एवढंच निघालं तोंडातून.

२५ ऑगस्ट, सोमवार

पकडली गेले. लिहितेच.

देव्हाऱ्यामागे डबी ठेवली होती. फेकली नव्हती. प्रणालीला फेकली म्हणून सांगितलं होतं. आज पूजा आटोपली, हात मागे गेला, चिमूट ओठाशी, अन् हे दारात.

ओरडतील वाटलं. आले, देव्हाऱ्यासमोर बसले, हात पुढे केला. "दाखव खिसे."

माझ्याच शब्दांत.

असा संताप आला! चार वर्षं मी पाणी मोजलं, लघवी मोजली, तुमचं रक्त धुतलं, अन् तुम्ही माझी झडती घेता? बोलले सगळं. भिंतीपलीकडे गेलं असेल. हे ऐकून घेत राहिले, हात तसाच पुढे.

शेवटी डबी दिली. त्यांनी संडासात रिकामी केली, पाणी ओतलं, डबी धुऊन परत आणून माझ्यापुढे ठेवली. "कुंकू ठेव याच्यात."

ठेवणार नाही. वास जात नाही तिचा.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पा. अडीच. ल. सव्वादोन. बी.पी. १३०/८४. क्रिएटिनिन काल तालुक्याला काढलं, १.४. डावी वळते आहे. हिरड्यांचं रक्त दोन दिवस नाही, अभ्रा कोरडा.

दुपारी प्रणालीचा फोन. "आई, बाबांचा रिपोर्ट आला."

"काय आहे?"

"डॉक्टर फोनवर नाही सांगत म्हणाल्या. उद्या दोघं या."

"वाईट असलं तरच फोनवर नाही सांगत."

"असं काही नसते आई. त्या सगळ्यांनाच समोर बसवून सांगतात." पोरीचा आवाज मला कळतो. आज कळला नाही. "अन् आई, म्हणाल्या, काकूंना म्हणावं या वेळी चपला घालू नका."

फोन ठेवला. यांना सांगितलं. हे उठले, मी यांचं तोंड बघायला वापरते ती बॅटरी आणली, मला ओट्यावर उजेडाकडे तोंड करून बसवलं.

"आ कर."

"माझं काही नाही."

"आ कर म्हनतो ना."

केलं. बोट लावून खालचा ओठ उलटला. मी रोज यांचा उलटायची तसाच. बॅटरी जवळ धरून एकाच जागी बोटाने पुसत, बघत राहिले. रस्त्यावरून बैलगाडी गेली, ती पार वळेपर्यंत.

"काय दिसते जी?"

बॅटरी बंद केली. "सातची बस हाय," म्हणाले. "डबे तू भर. पानी मी भरतो."